युद्धासाठी जनमत घडवणाऱ्या नाशिककर कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यात समाजमाध्यमांवरून युद्धसमर्थनाच्या मोहिमा चालवणारे कार्यकर्ते, व्हॉट्सअ‍ॅप गटांचे अ‍ॅडमिन आणि निरनिराळ्या मंडळांचे सोशल मीडिया प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्याला देशप्रेमाचे धडे देण्यासाठी किंवा युद्धाला विरोध करावा असे सुचवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. सरकारने लष्करी कारवाई करावी, अधिक कठोर करावी किंवा लांबवावी, असे म्हणण्याचा अधिकार लोकशाहीत प्रत्येक नागरिकाला आहे, आणि तो बजावण्यासाठी स्वतः बंदूक हातात घेतलेली असली पाहिजे, असेही मी मानत नाही. माझा आक्षेप आपल्या मताला नाही. ते मत शहराचे आहे असे भासवण्यासाठी जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्याविषयी मला चार गोष्टी आपल्यासमोर स्पष्टपणे मांडायच्या आहेत.

२२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातील होती. त्यानंतरचा संताप खरा होता आणि तो कोणाला शिकवावा लागला नव्हता. पुढे मे महिन्यात, भारताची पाकिस्तानविरुद्धची लष्करी कारवाई सुरू असताना, आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीच्या गटावर एक मजकूर आला. आपण एका सैनिकाचे शेजारी आहोत, आपल्या कॉलनीतील प्रत्येक घराचे एकच म्हणणे आहे की आता माघार नको, आणि जे शांततेची भाषा बोलतात त्यांची नावे लक्षात ठेवली जातील, असा त्याचा आशय होता. मजकुराच्या शेवटी कंसात काही सूचना राहून गेल्या होत्या. येथे आपल्या कॉलनीचे नाव टाकावे, दोन-तीन शब्द बदलावेत, संध्याकाळी सात ते आठ याच वेळेत पोस्ट करावे, हॅशटॅग मात्र बदलू नये. त्याच संध्याकाळी तोच ‘सैनिकाचा शेजारी’ पंचवटीत, इंदिरानगरात आणि सातपूरमध्येही राहत असल्याचे नातेवाइकांच्या गटांवरून कळले. एका गृहस्थांनी तर कंसातल्या सूचनांसकट तो मजकूर स्वतःच्या नावावर टाकला आणि त्याखाली पन्नासएक जणांनी तिरंगे व जोडलेले हात चिकटवले. त्यांपैकी शेवटपर्यंत वाचले कोणी, हे त्यांनाच ठाऊक.

मी आयुष्यातील बरीच वर्षे वृत्तपत्रात वाचकांच्या पत्रांचा स्तंभ सांभाळला आहे. तेव्हा पत्रलेखकाचे संपूर्ण नाव व पत्ता असल्याशिवाय पत्र छापायचे नाही असा दंडक होता. लेखकाने विनंती केली तर नाव छापत नसू, पण ते कार्यालयाला माहीत असे. एकाच मजकुराची पाच पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली की ती बाजूला काढली जात. त्यातले मत चुकीचे होते म्हणून नव्हे, तर पाच माणसांनी विचार केला आहे हा त्यातला दावा खोटा होता म्हणून. नाव झाकण्याला माझी हरकत नाही. नोकरीमुळे, घरच्या परिस्थितीमुळे अनेकांना तसे करावे लागते. मात्र एका माणसाने स्वतःला शंभर माणसे म्हणून सादर करणे हा अगदी निराळा व्यवहार आहे, आणि युद्धासारख्या प्रश्नात तो फार महाग पडू शकतो.

ही पद्धत आपण शोधून काढलेली नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये इराकमधील किर्कुक येथे तैनात असलेल्या अमेरिकी पलटणीतील सैनिकांच्या सह्यांची पत्रे त्यांच्या त्यांच्या गावच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. शहरात पाणी, वीज, शाळा कशा सुरळीत झाल्या आहेत आणि लोक आमचे स्वागत कसे करत आहेत, हे त्यांत लिहिले होते. निदान अकरा वृत्तपत्रांकडे आलेली ती पत्रे शब्दन् शब्द सारखी आहेत, हे पत्रकारांच्या ध्यानात आले. चौकशी केल्यावर काही सैनिकांनी आपण पत्र लिहिलेच नसल्याचे सांगितले आणि पलटणीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानेच मजकूर तयार करवून घेतल्याचे पुढे आले. पत्रातली माहिती कितपत खरी होती हा वेगळा वाद आहे. परंतु गावातल्या ओळखीच्या मुलाची सही वाचून ज्या आईबापांचे मत बनले, त्यांना त्या मुलाचे स्वतःचे म्हणणे काय होते हे त्या पत्रातून समजत नव्हते.

त्याच्याही आधीचे उदाहरण अधिक गंभीर आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर अमेरिकेत ‘सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत’ या नावाची एक संघटना उभी राहिली. नावावरून ती नागरिकांची वाटत होती, पण तिचा बहुतेक सर्व पैसा कुवेतच्या परागंदा सरकारकडून येत होता आणि तिचे काम हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी एक कोटी डॉलरहून अधिक मोबदल्यात करत होती. १० ऑक्टोबर १९९० रोजी नायिरा एवढ्याच नावाने ओळख करून दिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्कविषयक एका अनौपचारिक गटापुढे रडत सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयातील बालकांना काचेच्या पेट्यांतून काढून जमिनीवर मरायला टाकले. ही कहाणी अध्यक्ष बुश यांनी भाषणांत वारंवार सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या मतांनी मान्यता दिली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती, हे जगाला जानेवारी १९९२ मध्ये कळले, आणि पेट्यांच्या त्या कहाणीला नंतरच्या तपासात आधार सापडला नाही. कुवेतवरचे आक्रमण खरे होते, तिथले अत्याचारही खरे होते. खऱ्या बाजूने लढणाऱ्यांनाही बनावट साक्षीदार उभा करण्याचा मोह आवरला नाही, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की हे परदेशातले आहे, नाशिकचा त्याच्याशी काय संबंध? आपल्या शहराचा युद्धाशी संबंध जुना आणि अगदी घरगुती आहे. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केल्यावर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्याच वर्षी नाशिक लोकसभा मतदारसंघाने त्यांना बिनविरोध निवडून दिले. त्या काळात स्त्रियांनी अंगावरचे दागिने राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. युद्धाला पाठिंबा देणे म्हणजे त्या वेळी काहीतरी स्वतःच्या हाताने सोडणे होते. त्या काळाचे मी भाबडे कौतुक करत नाही. त्याच उत्स्फूर्त लोकक्षोभाच्या छायेत चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीय रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबले गेले आणि त्यांच्या बाजूने बोलायला फारसे कोणी पुढे आले नाही. जिथे लोकभावना खरी होती तिथेही ती इतका अन्याय करू शकली, तर कंसातल्या सूचनांवर चालणारी भावना काय करील, याचा विचार आपण करावा.

१९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण चालते आणि सरावाच्या दिवशी तोफांचा आवाज वस्त्यांपर्यंत येतो. सिन्नर, चांदवड, येवल्याच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. ७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही आपल्या एकाच जिल्ह्यातील तीन ठिकाणे होती. युद्ध लांबले तर त्याची झळ या जिल्ह्याला लागणार आहे. म्हणूनच इथले खरे जनमत काय आहे हे सरकारला नीट कळणे महत्त्वाचे आहे, आणि आपल्या मोहिमांनी नेमके तेच झाकले जाते.

स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांची आठवण मी मुद्दाम काढतो. बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. त्यात सहा हवाई योद्धे आणि जमिनीवरचा एक नागरिक असे सात जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत आपल्या नाशिकचे निनाद होते. त्यांना निरोप देण्यासाठी गोदाकाठी शहर लोटले होते. त्या दुःखातही त्यांच्या पत्नीने माध्यमांसमोर येऊन समाजमाध्यमांवरील युद्धवीरांना हात जोडून सांगितले की हे थांबवा, युद्धाने काय नुकसान होते हे तुम्हांला ठाऊक नाही, आणि एवढाच जोश असेल तर सैन्यात जा. हा शेवटचा टोला मी कधी कोणाला मारला नसता, पण त्यांना तो मारण्याचा पूर्ण अधिकार होता. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते आणि ती मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केले. मधल्या सात महिन्यांत ‘आतली माहिती’ म्हणून जे फिरत राहिले ते पुसून टाकण्याचे कष्ट कोणत्या अ‍ॅडमिनने घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सहा वर्षांनी तेच पुन्हा घडले आणि अधिक वाईट रीतीने घडले. पहलगाममध्ये लग्नानंतर अवघ्या काही दिवसांत मारले गेलेले नौदलाचे लेफ्टनंट विनय नरवाल यांच्या पत्नीने, मुसलमानांवर किंवा काश्मिरींवर राग काढू नका, आम्हांला न्याय हवा आहे, एवढेच म्हटले. त्यावर त्यांची जी विटंबना झाली ती इतकी हीन होती की राष्ट्रीय महिला आयोगाला जाहीर निषेध करावा लागला. काही दिवस आधी त्याच तरुणीचे पतीच्या पार्थिवाशेजारचे छायाचित्र ज्यांनी डीपीला लावले होते, त्यांपैकीही काही जण या गर्दीत होते. शहिदाच्या पत्नीचे दुःख आपल्या मोहिमेला चालते, तिचे मत चालत नाही, हा हिशेब मला समजलेला नाही. निवडणूक आयोगाने मार्च २०१९ मध्ये संरक्षण दलांतील व्यक्तींची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत अशी तंबी राजकीय पक्षांना दिली होती. आपण पक्ष नसाल, तरी ज्या कुटुंबाचे छायाचित्र आपण वापरता त्याला निदान एकदा विचारण्याची सभ्यता आपल्यालाही लागू आहे.

खोट्या चित्रफितींविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मे २०२५ मध्ये ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधील दृश्ये लढाऊ विमानांचा खरा पाठलाग म्हणून फिरली आणि ८ मेच्या रात्री कराची बंदर बेचिराख झाल्याच्या बातम्या काही वृत्तवाहिन्यांनीच दिल्या, तेव्हा एकट्या व्हॉट्सअ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र अफवेचे मोल आपल्या भागाला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले, ते मोबाइलवरील फॉरवर्डच्या भरवशावर. शत्रू शोधण्याची सवय लागलेला गट सीमेपलीकडचा शत्रू हाती लागत नाही म्हणून गल्लीतला शोधू लागतो.

दुसरा धोका आपल्यासारख्या देशभक्तांना तरी पटावा. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नये असे माध्यमांना बजावले आणि कारगिल, कंदाहार, २६/११ यांचे दाखले दिले. समाजमाध्यमे वापरणाऱ्या व्यक्तींनीही जबाबदारीने वागावे, असे त्यात म्हटले होते. तरीही जवानांना सलाम म्हणून जाणाऱ्या लष्करी गाड्यांच्या चित्रफिती ठिकाणासकट टाकणारे उत्साही लोक आपल्या शहरात होतेच. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या विमान कारखान्यातील एका कर्मचाऱ्याला परकीय हेरांना माहिती पुरवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली होती. ज्या जिल्ह्यात हे घडले, तिथे असला उत्साह आवरायला कोणी बाहेरून सांगायची गरज पडू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सरकार युद्ध सुरू करते तसे ते थांबवण्याचा निर्णयही सरकारलाच घ्यावा लागतो, आणि तो निर्णय घेताना जनमताकडे पाहावे लागते. १० मे २०२५ रोजी संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याबाबत उभय देशांत सहमती झाल्याचे जाहीर केले. तो त्यांचा खासगी निर्णय नव्हता, ते सरकारचे म्हणणे वाचून दाखवत होते. त्यानंतर काही तासांत त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबावर इतकी घाण फेकली गेली की त्यांना आपले खाते बंदिस्त करावे लागले. आदल्या दिवसापर्यंत जी खाती सरकारच्या प्रत्येक शब्दाला टाळ्या देत होती, त्यांतलीच अनेक त्या रात्री सरकारच्या अधिकाऱ्यावर तुटून पडली. गंगापूर धरणाचे दरवाजे बंद केले तरी आधी सोडलेले पाणी रामकुंडापर्यंत यायचे ते येतेच. ‘माघार नको’ हा मजकूर आठवडाभर घराघरांत पोचवल्यावर, सरकारने योग्य वाटले म्हणून थांबायचे ठरवले तरी ते थांबणे लोकांना विश्वासघात वाटू लागते. म्हणजे ज्या सरकारचे हात बळकट करण्यासाठी आपण झटता, त्याचे हात आपणच बांधता. थांबायला एक दिवस जरी उशीर झाला तरी त्या एका दिवसाची किंमत सीमेवरचा जवान मोजतो आणि पूँछसारख्या गावातले नागरिक मोजतात. हॅशटॅग चालवणाऱ्याला त्यातले काही मोजावे लागत नाही.

उघडपणे युद्धाची बाजू घेता येते, याचेही उदाहरण आहे. युक्रेनने मे २०२२ मध्ये ‘युनायटेड २४’ हा निधी सुरू केला तेव्हा मागणारे सरकार आहे आणि पैसा कोणत्या कामासाठी हवा आहे, हे पहिल्या दिवसापासून उघड होते. कुत्र्याची विनोदी चित्रे घेऊन रशियाच्या प्रचाराची टिंगल करणारा ‘नाफो’ हा स्वयंसेवकांचा जमाव आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे कधी लपवत नव्हता. त्याच देशात ‘कीव्हचे भूत’ म्हणून एका अजिंक्य वैमानिकाची दंतकथा पसरली होती, ती एका खऱ्या माणसाची गोष्ट नाही हे एप्रिल २०२२ च्या अखेरीस, युद्ध चालू असतानाच, त्यांच्या हवाई दलाने सांगून टाकले. त्यामुळे युक्रेनचा पाठिंबा घटला असे काही दिसले नाही.

तेव्हा आपल्याकडून माझ्या अपेक्षा अशा आहेत. मजकूर तयार करून वाटायचा असेल तर जरूर वाटा, पण तो कोणत्या गटाने किंवा मंडळाने तयार केला आहे हे त्यावर लिहा आणि त्यामागे कोणाचा पैसा असेल तर तेही सांगा. कॉलनीचे, गावाचे किंवा समाजाचे नाव घालून एकमत झाल्याचा दावा करायचा असेल तर आधी त्या कॉलनीची सभा बोलवा. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर एकमत व्हायला दोन पावसाळे गेले, युद्धावर ते एका संध्याकाळी सात ते आठ या वेळेत झाले असेल यावर माझा विश्वास बसत नाही. जे वेगळे बोलतील त्यांची नावे ‘लक्षात ठेवण्याची’ भाषा ताबडतोब बंद करा; ती युद्धाच्या बाजूची भाषा नसून शेजाऱ्याला दिलेली धमकी आहे आणि पोलिसांनी तिच्याकडे तसेच पाहावे. खोटी ठरलेली चित्रफीत ज्या गटावर टाकली त्याच गटावर, तितक्याच ठळकपणे, ती खोटी होती असे लिहा.

आणि कारवाई थांबल्याची अधिकृत घोषणा होईल त्या संध्याकाळी, जशा सूचना सुरू करताना पाठवल्या होत्या तशाच थांबण्याच्याही पाठवा. यादी आपल्याकडे आहे, वेळ ठरवण्याची हातोटी आहे, शब्द कसे बदलायचे हेही आपल्याला येते. माझ्या सोसायटीच्या गटावर असा संदेश आला तर तो मी स्वतः पुढे पाठवीन, आणि तो कोणी लिहिला आहे हे त्याखाली नमूद करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त उपसंपादक, नाशिकरोड